लॉस एंजेलिसमधील फ्रोजन योगर्ट : तीन दिवसांची भटकंती

जूनमध्ये लॉस एंजेलिसला लागून असलेल्या कल्व्हर सिटीत भाचीकडे पंधरा दिवस मुक्काम होता. पाहण्यासारखे बरेचसे पाहून झाल्यावर उरलेले तीन दिवस आम्ही दोघींनी फ्रोजन योगर्टची दुकाने पालथी घालण्यात घालवले. माझ्या घरी आजही रोज रात्री दूध विरजले जाते, त्यामुळे यंत्रातून पिळून निघणाऱ्या या गोठवलेल्या दह्याविषयी कुतूहल होते आणि थोडा संशयही होता.

हा पदार्थ चाखायला याच शहरात का जावे, याला कारण आहे. अमेरिकेत फ्रोजन योगर्टची पहिली मोठी लाट 1980च्या दशकात आली. त्या काळातले योगर्ट गोड असे आणि चवीला आइस्क्रीमच्या जवळ जाई. पुढे दक्षिण कोरियात लोकप्रिय झालेली आंबूस चव घेऊन 2005 साली वेस्ट हॉलिवूडमध्ये पिंकबेरीचे पहिले दुकान उघडले. सुरुवातीला तेथे साधे आणि ग्रीन टीचे असे दोनच प्रकार मिळत. 2006 साली फुलर्टनमध्ये योगर्टलँड आणि 2007 साली व्हॅली व्हिलेजमध्ये मेंचीज सुरू झाले आणि ग्राहकाने स्वतःच कप भरून वजनावर पैसे द्यावेत, ही पद्धत त्यांनी सर्वदूर नेली. या दोन्ही लाटांची दुकाने एकाच दिवसात चाखून पाहण्याची सोय या शहरात आहे.

पहिल्या दिवशी आम्ही ऑलिम्पिक बुलेव्हार्डवरील ‘द बिग चिल’ येथे गेलो. दुकानांच्या एका छोट्या रांगेत 1990पासून असलेले हे दुकान जुन्या वळणाचे आहे. येथे कप कर्मचारी भरून देतात आणि स्वाद रोज बदलतात, त्यामुळे आज काय आहे ते निघण्यापूर्वी पाहून घ्यावे. येथील चॉकलेटचा प्रकार मला मनापासून आवडला, मात्र डोळे मिटून खाल्ला असता तर त्यात दही आहे हे मी ओळखले नसते. भाचीचे मत नेमके उलट आहे. तिच्या मते योगर्ट असेच असावे, आणि आंबट खायचे तर घरी कढी आहेच.

दुसऱ्या दिवशी पिंकबेरीच्या एका शाखेत साधा आंबट प्रकार घेतला आणि मला माझे माप सापडले. चक्क्यात साखर घालून तो फेटायला घेतल्यावर, वेलची-केशर पडण्यापूर्वी बोटावर घेऊन जी चव पाहतो, ती चव गोठवून पुढ्यात ठेवावी, असा तो प्रकार होता. त्यानंतर प्रत्येक दुकानात मी प्रथम साधे आंबट योगर्टच मागितले. फळे, बिस्किटांचा चुरा आणि चॉकलेटचा रस यांच्याखाली सुमार योगर्ट सहज झाकले जाते, साध्यात मात्र काहीच लपत नाही. कपातील शेवटचा घास मुद्दाम वितळू द्यावा. चांगले योगर्ट वितळल्यावर दाट, गोडसर ताकासारखे लागते, तर पावडर आणि पाणी यांवर भागवलेले खडूसारखी चव जिभेवर ठेवून जाते.

स्वतः वाढून घेण्याच्या दुकानांत थोडी सावधगिरी हवी. तेथील यंत्राला बहुधा तीन दांडे असतात. दोन्ही बाजूंच्या दांड्यांतून एकेक स्वाद येतो आणि मधल्यातून दोहोंची एकत्र वेणी पडते. बराच वेळ कोणी वापरलेले नसेल तर पहिली धार पातळ किंवा बर्फाळ येते, म्हणून ती चव पाहण्यासाठी दिलेल्या कागदी कपात घ्यावी. हा नमुन्याचा कप बहुतेक ठिकाणी मागितल्यावर फुकट मिळतो. दर औंसावर असतो आणि एक औंस म्हणजे सुमारे 28 ग्रॅम. एका दुकानात मी उत्साहाने कलिंगड, अननस आणि स्ट्रॉबेरी यांचा डोंगर रचला. काट्यावर आकडा 14.6 औंस दिसला आणि 75 सेंट दराने जवळजवळ 11 डॉलर मोजावे लागले. त्यातील निम्मे पैसे कलिंगडातल्या पाण्याचे होते. योगर्टवर जड फळे घेऊ नयेत, भाजलेले बदाम किंवा सुके खोबरे घ्यावे. ज्यांना फळे हवीतच, त्यांनी ठरावीक किमतीत कर्मचारी वाढून देतात अशा दुकानात जावे.

शाकाहारी मंडळींनी विशेष लक्ष द्यावे. वरून घ्यायच्या रंगीबेरंगी गमी आणि मार्शमेलो यांत सामान्यतः जिलेटिन, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेला पदार्थ, असते, आणि क्वचित योगर्टच्या मिश्रणातही असू शकते, म्हणून घटकांची यादी मागून वाचावी. मोची नावाच्या मऊ जपानी गोळ्या चिकट तांदळाच्या असतात. बोबाच्या काळ्या गोळ्या टॅपिओकाच्या, म्हणजे जवळजवळ आपल्या साबुदाण्याच्याच असतात. ‘लाइव्ह अँड अ‍ॅक्टिव्ह कल्चर्स’ असा शिक्का दिसला तर तयार होताना त्या योगर्टमध्ये दर ग्रॅमला किमान 1 कोटी जिवंत जिवाणू होते, असे समजावे. गोठल्याने ते बहुतांशी मरत नाहीत, निपचित पडून राहतात. मात्र साखरही भरपूर असते, तेव्हा औषध समजून दोन कप खाऊ नयेत.

फिरण्यासाठी आम्ही पहिल्या दिवशी गाडी घेतली आणि पस्तावलो. एका गल्लीत रस्तासफाईच्या वेळेचा फलक न वाचता गाडी लावली आणि परतताना काचेवर 73 डॉलरच्या दंडाची चिठ्ठी मिळाली. फलक चार होते, आम्ही तीनच वाचले, म्हणजे चूक आमचीच. नंतरचे दोन दिवस मेट्रोच्या ई मार्गिकेने फिरलो. टॅप कार्डावर, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायच्या मेट्रोच्या कार्डावर, एका वेळचे भाडे 1.75 डॉलर पडते, त्यात दोन तास गाड्या बदलता येतात आणि दिवसभरात 5 डॉलरपेक्षा जास्त रक्कम कापली जात नाही. वेस्टवुड/रँचो पार्क स्थानकावर उतरून उत्तरेकडे चालत गेल्यास बिग चिल गाठता येते. फुलर्टन आणि व्हॅली व्हिलेज मात्र एका दिवसात जोडण्याचा अट्टाहास करू नये. त्या साखळ्यांच्या शाखा शहरात इतरत्र आहेत आणि केवळ मूळ गावाचे दर्शन घेण्यासाठी तेवढा प्रवास करावा असे मला वाटत नाही.

वेळ दुपारी दोन ते चार ही उत्तम. रात्री जेवणानंतर रांगा लागतात. जूनमध्ये किनाऱ्याकडे सकाळी ढग दाटलेले असतात आणि संध्याकाळी गार वारा सुटतो. तिसऱ्या दिवशी आम्ही ई मार्गिकेच्या टोकाला, सांता मोनिकाला उतरलो आणि कप घेऊन समुद्रासमोरच्या बाकावर बसलो. शाल मी घरी विसरले होते. योगर्ट वितळण्याची वाट पाहता पाहता आम्ही दोघी कुडकुडू लागलो, ते मात्र वितळेना, आणि शेवटी तो अर्धा कप भाचीने डब्यात घालून घरी नेला.