लाल गोलातला सी

प्रश्न पाच गुणांचा होता. दोन लांब समांतर तारा, प्रत्येकीत १० अँपिअर, मधलं अंतर ५ सेंटिमीटर. तर एकक लांबीवर बल किती? टीवायबीएस्सीच्या पेपरात हे म्हणजे देऊन टाकलेले मार्क. मॉडेल आन्सरमध्ये म्यू-झिरो या चुंबकीय स्थिरांकाचं सूत्र आणि उत्तर ०.०००४ न्यूटन प्रति मीटर.

मे महिन्यात जळगावला कॅपला, म्हणजे उत्तरपत्रिका तपासणीच्या केंद्रावर, बसलो होतो. मॉडरेशनसाठी, म्हणजे तपासलेल्या पेपरांच्या फेरतपासणीसाठी, माझ्यापुढे आलेल्या एका उत्तरपत्रिकेत या प्रश्नाला शून्य होतं. सूत्राभोवती लाल गोल आणि शेजारी प्रश्न: ‘सी कुठून आला?’

सूत्र असं होतं: वर दोन गुणिले दोन्ही प्रवाह, खाली सी-स्क्वेअर गुणिले अंतर. सी म्हणजे प्रकाशाचा वेग. म्यू-झिरोचा पत्ता नाही. पण त्याखाली १० अँपिअरचे शिस्तीत २.९९८ गुणिले १०चा दहावा घात इतके इएसयू, म्हणजे जुनी विद्युत एककं, केलेले, अंतर सेंटिमीटरमध्येच ठेवलेलं, सीची किंमतही सेंटिमीटर प्रति सेकंदात. १० अँपिअरचा इएसयूतला आकडा आणि सीचा आकडा एकच येतो, त्यामुळे सगळं कटून उरतं दोन भागिले पाच. उत्तर ०.४ डाइन (बलाचं जुनं एकक) प्रति सेंटिमीटर. डाइनचे न्यूटन करा, सेंटिमीटरचे मीटर करा, बरोब्बर ०.०००४. एका ओळीचीही चूक नाही.

ही गाउसियन पद्धत, सीजीएस म्हणजे सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद एककांची. तिच्यात कूलॉम्बच्या नियमाला स्थिरांकच लागत नाही, कारण विद्युतभाराचं एककच त्या नियमावरून ठरवलेलं आहे. मग चुंबकीय बलाच्या सूत्रात सी उघडपणे येतो. एसआयमध्ये, म्हणजे आजच्या मीटर-किलोग्रॅम-सेकंद एककांच्या पद्धतीत, १९०१ साली इटालियन अभियंते जॉर्जींनी सुचवलेल्या वाटेने विद्युत राशींसाठी स्वतंत्र चौथं एकक घेतलं, म्हणून एप्सिलॉन-झिरो आणि म्यू-झिरो हे दोन स्थिरांक ठेवावे लागले. त्या दोघांचा गुणाकार म्हणजे एक भागिले सी-स्क्वेअर. म्हणजे सी एसआयमध्येही आहेच, फक्त आत दडलेला. फोर-पायचंही तसंच. तो कूलॉम्बच्या नियमात ठेवायचा की मॅक्सवेलच्या समीकरणांत, एवढीच निवड. पहिल्या जागी ठेवावा हा आग्रह ब्रिटिश शास्त्रज्ञ हेविसाइडचा, आणि मला तो पटतो. गोलाचा फोर-पाय गोलाच्या सूत्रातच शोभतो. पण दुसरी निवड चूक ठरत नाही.

तपासणारे सर भुसावळकडचे, चांगला माणूस. पण पेपरामागे मिळतात किती आणि गठ्ठे संपवायचे किती, या हिशोबात सूत्राचा चेहरा ओळखीचा नसला की थेट शून्य पडतं, खालची आकडेमोड कोणी वाचत नाही. मी दाखवलं तर म्हणाले, “जाऊ द्या ना भो, पोराने एसआय वापरायला पाहिजे होतं.” प्रश्नपत्रिकेवर एसआयचा उल्लेख कुठे आहे, विचारलं. नव्हता.

चेअरमन सरांनी उत्तरपत्रिका पुढे उलटली. चौथ्या प्रश्नात त्याच विद्यार्थ्याने डी बरोबर एप्सिलॉन-झिरो ई अधिक पी लिहिलं होतं, चोख एसआय. “बघा, दोन पुस्तकांतून पाठ केलंय,” ते म्हणाले.

हे मला अजून सतावतं. मला वाटत नाही पाठ केलं असेल. अँपिअरचे इएसयू करताना कुठे थांबायचं हे पाठांतराने येत नाही. तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथालयात अजून जुन्या सीजीएस आवृत्त्याच हाती येतात, नव्या प्रती कपाटात कुलुपात. ज्या पुस्तकात जो धडा समजला, त्यातली पद्धत त्या प्रश्नाला वापरली असणार. मुलगा की मुलगी, शिरपूरचा की चोपड्याचा, कळायचा मार्ग नाही. नंबर झाकलेला, वर नुसता बारकोड.

शेवटी पाचपैकी पाच दिले, चेअरमन सरांनी सही केली. पण मॉडरेशनला सगळ्या उत्तरपत्रिका येत नाहीत. बाकीच्या गठ्ठ्यांत असा सी आणखी कुणी लिहिला असेल, तर तो लाल गोलातच राहिला.

पुढच्या पेपराचा मसुदा माझ्याकडे आला आहे. वर ‘एसआय एकके वापरा’ ही ओळ घातली, खाली स्थिरांकांची यादी दिली. त्यावरूनही वाद आहेच. २० मे २०१९ पासून इलेक्ट्रॉनच्या भाराची किंमत नेमकी ठरवून दिली गेली, त्यामुळे म्यू-झिरो आता व्याख्येने फोर-पाय गुणिले १०चा उणे सातवा घात राहिलेला नाही, तो मोजावा लागतो. फरक इतका बारीक की गणितात कुणालाच जाणवणार नाही. तरी मी तिथे बरोबरचं चिन्ह काढून अंदाजेचं टाकलं. चेअरमन म्हणतात पोरं गोंधळतील. पेपर-सेटिंगची बैठक पुढच्या आठवड्यात आहे, आणि ते चिन्ह मी काढणार नाही.