तुम्ही विचारलंत म्हणून: तत्त्वज्ञान म्हणजे अध्यात्मच ना?

तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. केले असे सांगितले की ठाण्यात, जानेवारीत रामभाऊ म्हाळगी व्याख्यानमालेला आणि एरवी प्रवचनांना आवडीने जाणाऱ्या आमच्या नौपाड्यात तर हमखास, पुढचा प्रश्न येतो: ‘म्हणजे अध्यात्मच ना?’ तुमच्या मुलीचा प्रवेश तोंडावर आल्यामुळे तुम्हीही तेच विचारलेत. विचारणाऱ्याच्या मनात आदर असतो, म्हणून ‘नाही’ म्हणणे जड जाते, आणि ‘हो’ म्हणावे तर ते अर्धेच खरे असते. शंकराचार्य आम्हाला अभ्यासाला होते. परंतु जग मिथ्या आहे असे म्हणताना ते कोणती कारणे देतात आणि रामानुजांना ती का पटत नाहीत, हे उत्तरपत्रिकेत लिहावे लागे. आपली श्रद्धा कोणत्या बाजूला आहे, हे तेथे कोणी विचारत नसे.

मी सर्वांत अधिक रमले ती धूर आणि अग्नीमध्ये. ‘पर्वतावर अग्नी आहे, कारण तेथे धूर आहे’ हे न्यायदर्शनातील, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनातील, प्रसिद्ध अनुमान. त्याचे प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन हे पाच अवयव पाठ करायला एक संध्याकाळ पुरते. खरी अडचण पुढे आहे. येऊरच्या डोंगरावर उन्हाळ्यात वणव्याचा धूर दिसतो आणि पावसाळ्यात त्याच उतारावर ढग उतरतात; लांबून पाहणाऱ्याला धूर कोणता आणि धुके कोणते हे ठरवता येत नसेल, तर हेतूच, म्हणजे अनुमानासाठी दिलेले कारणच, संशयास्पद ठरतो आणि अनुमान तेथेच अडते. आता तेच उलटे करून पाहा: जेथे अग्नी तेथे धूर. लालबुंद तापलेला लोखंडाचा गोळा हे विधान मोडून काढतो, कारण त्यात अग्नी आहे, पण धूर नाही. धूर निघायला ओले इंधन लागते, आणि अशा न सांगितलेल्या अटीला नैयायिक (न्यायदर्शनाचे अभ्यासक) ‘उपाधी’ म्हणतात. वर्तमानपत्रात ‘अमुक केल्याने तमुक झाले’ असे वाचले की मी अजूनही आधी ओले लाकूड शोधते.

फक्त प्रत्यक्ष अनुभवच प्रमाण मानणारा चार्वाक याच्याही पुढे जातो. जेथे धूर तेथे अग्नी, हे तुम्हाला कळले कसे? होऊन गेलेले आणि पुढे होणारे सगळे धूर तुम्ही पाहिलेत का? अनुमानाने कळले म्हणाल, तर त्या अनुमानाला आणखी एक व्याप्ती, म्हणजे ‘जेथे हे तेथे ते’ असा नियम, लागेल. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७४८ साली कार्यकारणभावाविषयी याच जातीची शंका मांडली होती, हे नंतर वाचले तेव्हा मला ती ओळखीची वाटली. गंमत अशी की चार्वाकांचे स्वतःचे ग्रंथ जवळजवळ उरलेलेच नाहीत. हा युक्तिवाद आपल्याला मुख्यतः चौदाव्या शतकातील ‘सर्वदर्शनसंग्रहा’तून कळतो, आणि त्याचे कर्ते माधवाचार्य अद्वैत वेदान्ती, म्हणजे चार्वाकांच्या विरोधी मताचे! ज्या मताचे खंडन करायचे, ते आधी पूर्ण ताकदीने मांडायचे, ही पूर्वपक्षाची रीत या पदवीने माझ्या अंगी लावली. आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाच्या सभेत विरोध करणाऱ्या एका काकांचे म्हणणे मी त्यांच्याहून नीट मांडून दाखवले. ते खूश झाले, मत मात्र मी त्यांच्या विरोधात दिले.

नोकरीचे थोडक्यात सांगते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत तत्त्वज्ञान वैकल्पिक विषय म्हणून घेता येते, आणि २०१३पासून त्या परीक्षेत नीतिशास्त्राची प्रश्नपत्रिका सर्वांनाच आहे. कायद्याकडे वळणाऱ्यांनाही या अभ्यासाचा उपयोग होतो. केवळ या पदवीवर मात्र कोणी नोकरीला बोलावणार नाही. शिवाय तयार नोट्स पाठ करूनही परीक्षा उत्तीर्ण होता येते, आणि मग तीन वर्षांत हाती काहीच लागत नाही.

मुलीला मनःशांतीसाठी हा विषय घ्यायचा असेल, तर तिची निराशा होण्याची शक्यता अधिक, कारण तर्कशास्त्रात सत्यताकोष्टके (विधान केव्हा सत्य आणि केव्हा असत्य ठरते याचे तक्ते) भरताना शांती मिळाल्याचे मी तरी कोणाकडून ऐकलेले नाही. अकरावीच्या कला शाखेचे तर्कशास्त्राचे पाठ्यपुस्तक तिला आणून द्या आणि सुट्टीत त्यातील उदाहरणे सोडवू द्या. एखादे उदाहरण चुकल्यावर उत्तर पाहण्याऐवजी ती स्वतःच वाद घालू लागली, तर खुशाल प्रवेश घेऊ द्या.