चारनंतर पुन्हा एक

मी नागपुरात राहून यंत्रांच्या वापरपुस्तिका लिहिते. बुटीबोरीच्या एका कारखान्यासाठी केलेली पंप-नियंत्रकाची पुस्तिका गेल्या उन्हाळ्यात प्रथमच वेबवर गेली आणि त्याच दुपारी तिथल्या तंत्रज्ञाचा फोन आला. "मॅडम, चार नंबरच्या पायरीनंतर पुन्हा एक कायले आला?"

पीडीएफमध्ये क्रम बिनचूक होता. दोन्ही रूपे फ्रेममेकर या पुस्तिका-लेखनाच्या सॉफ्टवेअरमधल्या एकाच मूळ फाइलमधून निघाली होती, त्यामुळे मी आधी गोंधळले. चौथ्या पायरीखाली "मुख्य स्विच बंद असल्याची खात्री करा" ही सूचना होती आणि दोष तिच्या जागेत होता. फ्रेममेकरमध्ये पायऱ्यांचे आकडे परिच्छेदाच्या शैलीला जोडलेले असतात, त्यामुळे मध्ये दुसऱ्या शैलीचा परिच्छेद आला तरी मोजणी पुढे चालू राहते. वेबपाने ज्या भाषेत लिहिली जातात त्या एचटीएमएलमध्ये मात्र क्रमांकित यादी म्हणजे 'ओएल' हा डबा आणि त्यातली प्रत्येक पायरी म्हणजे 'एलआय'. सूचना साध्या परिच्छेदाच्या 'पी' टॅगमध्ये, म्हणजे खुणेत, डब्याबाहेर पडली की यादी तिथेच मिटते, आणि पाचवी पायरी नव्या यादीतली पहिली होऊन बसते.

तयार झालेल्या फाइलमध्ये जाऊन नव्या यादीची सुरुवात पाचपासून करणे दोन मिनिटांचे काम होते. घाई असल्यामुळे तसा आग्रहही झाला. परंतु मूळ फाइलमधून पुन्हा आउटपुट काढले की अशी दुरुस्ती पुसली जाते, म्हणून निघालेल्या फाइलला हात लावायचा नाही, हा नियम मी कसोशीने पाळते. आम्ही "पायरीतील सूचना" अशी स्वतंत्र शैली तयार केली आणि कोणत्या शैलीचा वेबवर कोणता टॅग होईल हे सांगणाऱ्या मॅपिंगमध्ये ती आधीच्या 'एलआय'च्या पोटात बसवली. पीडीएफ जशीच्या तशी राहिली आणि वेबवरचा क्रम सुधारला.

ऑक्टोबर २०१४ मध्ये एचटीएमएल ५ ला वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेची अंतिम मान्यता मिळाली. आज आउटपुटच्या यादीत तो पर्याय निवडला की मार्कअप, म्हणजे टॅगांची रचना, स्वच्छ झाला, असे अनेकांना वाटते. माझ्या मते मार्कअपची स्वच्छता लिहितानाच ठरते. एखाद्या लेखकाने शीर्षकाची शैली न लावता मजकूर हाताने ठळक आणि मोठा केला, तर कागदावर ते शीर्षकच दिसते, पण वेबवर 'एचटू' या शीर्षकाच्या टॅगऐवजी आकार आणि रंग चिकटवलेला 'स्पॅन' उतरतो. शीर्षकावरून शीर्षकावर उड्या घेत वाचणाऱ्या अंध वाचकाच्या, मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला तिथे शीर्षक आहे हे कळतच नाही.

आयबीएमने विकसित केलेल्या आणि २००५ मध्ये ओएसिस या मानक-संस्थेचे मानक झालेल्या डिटा या तांत्रिक लेखनाच्या साच्यात ही पळवाटच बंद असते. तिथे सूचना पायरीच्या आतच लिहिण्याची सोय आहे आणि अक्षरांचा आकार ठरवणारे एलिमेंटच नाही. आमच्या तीन जणांच्या चमूला सगळा जुना मजकूर त्या साच्यात घालणे आज परवडणारे नाही; तोवर शैलींची मोजकी यादी आणि तिच्याबाहेर न जाण्याची शिस्त आम्हाला पुरते.

मराठी पुस्तिकेत आणखी एक चूक सापडली, आणि ती मला अधिक लागली. टेम्प्लेटमध्ये पानाची भाषा 'ईएन', म्हणजे इंग्रजी, अशीच राहून गेली होती. पानाची भाषा सांगणाऱ्या 'लँग'मध्ये मराठीसाठी 'एमआर' लिहिले, तर तशी सोय असलेला फॉन्ट पाकळीचा ल आणि देठाचा श दाखवतो आणि स्क्रीन रीडरला मराठी आवाज निवडता येतो. आमच्या पानावर दोन्ही अक्षरे हिंदी वळणाची दिसत होती. दुरुस्ती एका शब्दाची होती, आणि ती टेम्प्लेटमध्ये केल्यामुळे एकाच वेळी सर्व पानांना लागू झाली.

आता प्रत्येक पुस्तिका पाठवण्यापूर्वी मी ब्राउझरमध्ये सीएसएस बंद करून पाने पाहते. सजावट उतरल्यावर शीर्षके शीर्षकांसारखी आणि पायऱ्या ओळीने दिसल्या, तरच फाइल पुढे जाते. युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या दोन जुन्या पुस्तिका अजून बाकी आहेत. त्यांचा मजकूर वेबवर नुसती निरर्थक रोमन अक्षरे होऊन उतरतो, म्हणून तो आधी युनिकोडमध्ये आणून ओळ न ओळ तपासण्याचे काम सध्या चालू आहे.