नदीने सोडलेले गाव: मोम्पॉसला जाण्याचा माझा अनुभव

कोलंबियाला गेलेला आपल्याकडचा पर्यटक बहुधा बोगोता आणि कार्ताहेना पाहून परततो. आम्हा दोघी बहिणींना मात्र कार्ताहेनापासून दक्षिणेला, माग्दालेना नदीच्या एका फाट्यावर वसलेले सांता क्रूझ दे मोम्पॉस पाहायचे होते. गाव लहान असले तरी तिथे पोहोचण्याची तयारी बरीच करावी लागते, म्हणून आधी तीच सांगते.

भारतीय पासपोर्ट असणाऱ्याकडे अमेरिकेचा किंवा युरोपातल्या शेंगेन देशांचा (एकच सामाईक व्हिसा चालणाऱ्या देशांचा) व्हिसा असेल आणि कोलंबियात उतरण्याच्या दिवशी त्याची किमान १८० दिवसांची मुदत शिल्लक असेल, तर तिथला वेगळा व्हिसा काढावा लागत नाही. आमच्या अमेरिकेच्या व्हिसावर हे काम भागले. परंतु असे नियम बदलत असल्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी दूतावासाच्या संकेतस्थळावर खात्री करून घ्यावी. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे पीतज्वराची लस. कोलंबियातून भारतात परतणाऱ्या प्रवाशाकडे या लशीचे पिवळे प्रमाणपत्र नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. ही लस नेहमीच्या डॉक्टरांकडे मिळत नाही, फक्त सरकारमान्य केंद्रांतच मिळते आणि तिथे आधी वेळ घ्यावी लागते. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर १० दिवसांनी ग्राह्य धरले जाते. त्यामुळे हे काम निघण्याच्या आठवड्यावर ढकलू नये. एकदा घेतलेली लस मात्र आयुष्यभर चालते.

कार्ताहेनाहून मोम्पॉसला बस जाते, तशा माणशी भाडे घेऊन घरापासून घरापर्यंत सोडणाऱ्या गाड्याही जातात. आम्ही दुसरा पर्याय निवडला. पहाटे अंधारात गाडी दारात आली खरी. पण शेवटची जागा भरेपर्यंत चालकाने आम्हाला शहरातल्या इतक्या गल्ल्यांतून फिरवले, की उजाडल्यावरही आम्ही कार्ताहेनातच होतो. पुढचा रस्ता चांगला आहे. दोन्ही बाजूंना गुरांची कुरणे, मधूनच पाण्याची डबकी आणि त्यांत उभे असलेले पांढरे बगळे, असे दृश्य तासन्‌तास बदलत नाही. मागांगे या बंदराच्या गावाजवळ माग्दालेनेचा मुख्य प्रवाह लागतो. पूर्वी इथे गाडी सोडून लाँचने किंवा तराफ्याने पलीकडच्या बोदेगाला जावे लागत असे. २०२० मध्ये सुमारे सव्वादोन किलोमीटर लांबीचा रोन्कादोर पूल वाहतुकीस खुला झाला आणि ती अडचण संपली.

हा मुख्य प्रवाह मोम्पॉसच्या दारातून वाहत नाही, हेच त्या गावाच्या शांततेचे कारण आहे. सोळाव्या शतकात, १५३७ च्या सुमारास वसलेले हे गाव दीर्घकाळ माग्दालेनेवरचे मोठे बंदर होते. समुद्राकडून देशाच्या अंतर्भागात जाणारा माल आणि आतून किनाऱ्याकडे येणारे सोने, असे सारे याच घाटावरून जात असे, आणि कार्ताहेनावर समुद्री चाच्यांच्या धाडी पडत असताना आतल्या भागातले हे ठिकाण सुरक्षित मानले जाई. पुढे एकोणिसाव्या शतकात नदीने आपला भार लोबा नावाच्या दुसऱ्या फाट्यावर टाकला आणि मोम्पॉसचा फाटा गाळाने भरत गेला. मोठ्या बोटी येईनाशा झाल्यावर व्यापार मागांगेला गेला. इथल्या घरांवर नवे मजले चढवायला कोणाकडे पैसा राहिला नाही, म्हणून जुनी घरे जशीच्या तशी उरली. १९९५ मध्ये युनेस्कोने या गावाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तेव्हा ज्याचा गौरव झाला ते या पीछेहाटीतूनच वाचलेले होते.

गाव समजायला सोपे आहे. नदीला समांतर तीन रस्ते आहेत आणि त्यांतला पहिला पुराचे पाणी अडवणाऱ्या दगडी बांधाच्या कडेने जातो. नदीकाठीच सांता बार्बारा हे १६१३ चे चर्च आहे. त्याच्या अष्टकोनी मनोऱ्याला सर्व बाजूंनी सज्जा आहे, जो चर्चपेक्षा एखाद्या वाड्याला शोभावा. जवळच एका शिलेवर दक्षिण अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्याचा सेनानी सिमोन बोलिव्हार याच्या मोम्पॉसला येण्याजाण्याच्या तारखा कोरल्या आहेत. या गावाने ६ ऑगस्ट १८१० रोजी स्पेनपासून पूर्ण स्वातंत्र्य जाहीर केले होते, आणि १८१२ मध्ये बोलिव्हार आला तेव्हा इथले सुमारे ४०० जण त्याच्या सैन्यात दाखल झाले. आज शाळकरी मुले त्या शिलेला सायकली टेकवून ठेवतात.

उन्हाबद्दल मात्र स्पष्ट सांगायला हवे. सकाळी दहानंतर रस्त्यावर चालणे कठीण होते आणि दुपारी गाव अक्षरशः बंद असते. म्हणून आम्ही पहाटे आणि संध्याकाळी हिंडत होतो आणि मधला वेळ मुक्कामाच्या घराच्या चौकात काढत होतो. संध्याकाळी लोक डोलखुर्च्या उचलून पदपथावर आणतात, आणि ओळख नसली तरी येणाऱ्याजाणाऱ्याला नमस्कार करतात. आमच्या घरमालकीणबाईंशी मोबाइलवरच्या भाषांतराच्या आधाराने बोलणे होई. पूल झाल्याने गावाची शांतता जाईल असे वाटत नाही का, असे मी विचारल्यावर त्यांनी काहीशा तुटकपणे सांगितले, की शांतता पाहुण्यांना आवडते. त्यांना स्वतःला आठवतात ते आजारी माणसाला घेऊन पहिल्या तराफ्याची वाट पाहत नदीकाठी काढलेले तास.

मोम्पॉसची दुसरी ओळख म्हणजे सोन्याचांदीच्या तारांचे नक्षीकाम. आपल्याकडे कटकची तारकशी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना ते लगेच ओळखू येईल. आम्ही एका छोट्या कार्यशाळेत बराच वेळ बसलो. कारागीर चांदीची कांब पोलादी पट्टीच्या छिद्रांतून ओढत होता, दर वेळी आधीपेक्षा बारीक छिद्रातून, आणि शेवटी ती केसासारखी झाली. मग अशा दोन तारा एकत्र पिळून त्याने त्या दाबून चपट्या केल्या, चिमट्याने त्यांची वेटोळी वळवली आणि जाड तारेच्या पाकळीत ती एकेक करून इतकी घट्ट बसवली, की झाळण्यापूर्वीच पाकळी उचलली तरी एकही सुटले नाही. कार्यशाळेत किमतीबाबत घासाघीस चालली नाही, आणि ते काम पाहिल्यावर करावीशीही वाटली नाही.

दुपारी उन्हे कलल्यावर निघणारी नावेची फेरी चुकवू नये. अरुंद कालव्यातून नाव पिहीन्यो या विस्तीर्ण पाणथळ तळ्याकडे जाते. वाटेत फांद्यांवर पहुडलेले इग्वाना, खंड्या आणि पाणकावळे अगदी जवळून दिसतात. एके ठिकाणी जलपर्णीने कालवा इतका भरला होता, की नावाड्याने यंत्र बंद करून बांबूने वाट काढली. मुळा-मुठेतून दरवर्षी उपसून काढावी लागणारी ही वनस्पती मूळची याच खंडातली. माहेरीही तिचा स्वभाव तोच आहे.

आम्ही शाकाहारी असल्याने जेवणाची काळजी होती. नदीचे मासे हे इथले मुख्य अन्न असले, तरी नारळाच्या दुधातला भात, कच्च्या केळ्याचे दाबून तळलेले काप, आणि कोनफळाच्या जातीच्या कंदाचे चीज घातलेले दाट सूप यांवर आमचे उत्तम भागले. सूप मांसाच्या पाण्यात केलेले नाही ना, हे मात्र दर वेळी विचारावे लागते. रस्त्यावर विकले जाणारे थराथरांचे ताजे चीज पेरूच्या वडीबरोबर खाल्ले, तर न्याहारी वेगळी करावी लागत नाही.

रोख पेसो कार्ताहेनाहूनच घेऊन जावेत, कारण लहान दुकानांत कार्ड चालत नाही. ईस्टरच्या आधीच्या पवित्र सप्ताहात इथल्या मिरवणुका पाहायला दुरून लोक येतात. त्या काळात जायचे असेल तर खोली कित्येक महिने आधी घ्यावी, आणि शांतता हवी असेल तर तो सप्ताह टाळावा. परतीसाठी आम्ही आल्या वाटेने न जाता नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या एल बांकोकडे जाणारी जीप घेतली. रस्ता खडबडीत, धूळ भरपूर आणि गाडी भरेपर्यंत थांबणे इथेही होतेच. पण नदीकाठची लहान लहान गावे पाहायची असतील, तर हाच मार्ग घ्यावा.