रतांब्याचा नर, भाग ४: कलम लागलं, पण आडवं

दारातलं रतांब्याचं, म्हणजे कोकमाचं, झाड नर निघालं, म्हणून ते कापून त्याच्या खोडावर मी मादी झाडाची कलमं बांधली. दिवाळीनंतरच्या नोंदीत मोठ्या ऐटीत लिहिलं होतं, "पाचांतली तीन जगली, आता नुसतं बघत बसायचं." सहा महिने बघत बसलो. तिन्ही जिवंत आहेत. दोनदा पालवी आली, सांधे इतके छान भरले की पट्टी सोडल्यावर बोट फिरवलं तर जेमतेम उंचवटा लागतो. आणि तिन्ही बेट्या चक्क आडव्या चालल्यात. वर जायचं नावच नाही. एक तर खाली वाकून विहिरीच्या कठड्याशी काहीतरी बोलते आहे असं वाटतं.

ज्या खोडावर ही कलमं आहेत त्याच खोडाचे स्वतःचे, म्हणजे नराचे, धुमारे मात्र काठीसारखे ताठ उभे. मी दर पंधरा दिवसांनी ते खुडतो, ते पुन्हा येतात, पुन्हा ताठ. शेजारी माझी लाडकी मादी कलमं पंख्यासारखी पानं पसरून जमिनीला समांतर. एकीला चिव्याची काठी लावून सुतळीने बांधलं. बांधलं तेवढं उभं राहिलं, सुतळीच्या वरचा शेंडा पुन्हा आडवा. महिनाभर आमची ही झटापट चालली. शेवटी सुतळी मी सोडली.

कारण कळलं तेव्हा स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. दापोलीला रोपं आणायला गेलो होतो, तिथे कलमं बांधणाऱ्या एका जुन्या माणसाला मोबाइलवर फोटो दाखवला. त्याने फोटो मोठाही केला नाही. "काडी बाजूच्या फांदीची घेतलीत ना?" एवढंच विचारलं. काडी म्हणजे कलमासाठी आणलेला फांदीचा तुकडा. घेतली होती. अण्णांच्या मादी झाडाची, हाताला येईल अशी खालची फांदी, छान पेन्सिलीएवढी जाड, डोळा फुगलेला. दिसायला सुंदर काडी. पण रतांब्याचं खोड वर जातं आणि बाजूच्या फांद्या आडव्या होत खाली झुकतात, आणि काडी जिथली असेल तिथला स्वभाव घेऊन येते. नव्या खुंटावर, म्हणजे कलमाखालच्या झाडावर, गेली म्हणून ती आपण फांदी होतो हे विसरत नाही. आंब्यात असं होत नाही. हापूसची काडी कुठल्याही शेंड्याची घ्या, वर्षभरात झाड आपलं वर निघतं. माझा हात आंब्यावर बसलेला, त्यामुळे काडी निवडताना जाडी पाहिली, डोळा पाहिला, दिशा पाहिलीच नाही.

आई ओट्यावरून ऐकत होती. तिचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच आहे: "नऊ वर्षं पाणी घातलं ते ह्याच्यासाठी?" मोरीच्या कडेला तिनेच टाकलेल्या बियांतून हे झाड आलेलं. रतांब्याच्या बीच्या रोपांत साधारण निम्मे नर निघतात हे मला माहीत होतं, पण आपल्याच दारातला नर निघेल असं कोणाला वाटतं? गेल्याच्या गेल्या डिसेंबरात पहिली फुलं आली. झुबक्यांनी, पुंकेसरांनी गच्च भरलेली. मधे मादी फुलात असते तशी हिरवी गोळी असेल म्हणून भिंग घेऊन एकेक फूल फोडून पाहिलं. एकात नाही. अण्णा म्हणाले, "अरे, थांब एक वर्ष, काही झाडांना दोन्ही प्रकारची येतात." मी थांबलो नाही, फेब्रुवारीत छातीएवढ्या उंचीवर करवत लावली. तो निर्णय मला अजून बरोबर वाटतो.

पहिल्या सहा कलमांचं काय झालं ते भाग २ मध्ये आहेच: मेच्या शेवटी बांधली, मृगाचा पाऊस लागला आणि पंधरा दिवसांत सगळ्या काड्या काळ्या. ऑक्टोबरच्या पाचांत दोन गोष्टी बदलल्या होत्या. एक, पिवळा चीक. काप घेतला की तो येतोच, आणि मे महिन्यात मी घाईने तसाच सांधा जुळवला होता. या वेळी काप घेऊन ओल्या फडक्याने पुसलं, थोडं थांबलो, पुन्हा पुसलं, मग पाचर बसवली. दोन, काडीची पानं आठ-दहा दिवस आधी कापून नुसते देठ ठेवले. देठ आपोआप गळले की काडी तयार. हे आंब्याला करतो तसंच, पण मेमध्ये मला तेवढाही धीर नव्हता.

साहित्याबद्दल दोघांनी विचारलं होतं. ऑनलाइन मागवलेली ती ताणून चिकटणारी महागडी फिल्म मी एका कलमावर वापरली, तेच मेलं. एका कलमावरून निकाल देऊ नये हे मान्य, पण पैसे माझे गेलेत. साधी प्लॅस्टिकची पट्टी, दीड-दोन सेंटिमीटर रुंद, खेचून गुंडाळली की काम होतं. आणि वर टोपी म्हणून पेप्सीची पिशवी, ती लहान मुलं चोखतात ती. बाजारातल्या किराणा दुकानात रिकाम्या नळ्यांचं बंडल मिळतं. दुकानदार विचारतो, "कुल्फ्या करताय?" हो म्हणायचं. कलमचाकूही आता पेटीत पडून आहे, पाचर मी दाढीच्या नव्या ब्लेडने करतो. एका काडीला एक ब्लेड. कंजुषी केली की काप फाटतो.

हायवेलगतच्या एका रोपवाटिकेतून तीन वर्षांपूर्वी 'मादी कलम, खात्रीचं' म्हणून आणलेल्या रोपाची बातमी मात्र वाईट आहे. परवा त्याच्या बुंध्यापासची माती उकरली. सांध्याच्या वरची काडी कधीच वाळून गेलीय, आणि मी तीन वर्षं ज्याला शेण घालतोय तो खालून फुटलेला खुंट आहे. बीचं रोप. म्हणजे पुन्हा नर की मादी, उडवा नाणं. कलम घेताना सांध्याच्या वरच पालवी आहे ना, हे बघून घ्या. मला कोणी सांगितलं नव्हतं. खरं तर सांगितलं होतं, मीच वाकलो नाही.

आता आडव्या कलमांचं. काल संध्याकाळपर्यंत माझा बेत ठरला होता: तिन्ही कापायची, उभ्या काड्या आणून ऑक्टोबरात पुन्हा बांधायची. पण हे लिहिता लिहिता वाटतंय, का कापायची? रोपावर, जमिनीपासून वीतभर उंचीला आडवं कलम लागलं तर ते वेलीसारखं लोळतं, खरी अडचण तिथे आहे. माझा सांधा छातीएवढ्या उंचीवर आहे. खोड नराचं, सरळ, नऊ वर्षांचं. त्यावर तीन बाजूंना तीन आडव्या फांद्या म्हणजे छत्रीच की. रतांबे काढायला झाडावर चढणं नको, काठीने झोडपून खाली फुटलेली फळं वेचणं नको. आगळ, म्हणजे रतांब्याचा खारवलेला रस, करायला फळ अखंड लागतं, हात पुरेल तिथेच ते पिकलं तर आणखी काय हवं? वजनाने फांद्या मोडतील का, ही भीती आहे. टेकू देऊ. तर तिन्ही राहणार. शिवाय नराचा एक ताठ धुमाराही आता खुडत नाही, परागासाठी ठेवतो. नऊ वर्षांचं पाणी अगदीच फुकट गेलं असं आईला तरी वाटायला नको.

बाकी आगरात: तुतीच्या कापलेल्या फांद्या नुसत्या मातीत खोचल्या होत्या, त्यांना फळं आली. मूठभरच, पण बुलबुलांच्या आधी मिळाली हे विशेष. स्ट्रॉबेरीचा विषय कायमचा बंद, दमट हवेत पानांवर ठिपके आणि फळावर बुरशी, मुलीने एक खाल्ली आणि "आंबट" म्हणाली. जामाच्या झाडाखाली कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा लावलाय, फळमाशा भरभरून पडतात. त्यातल्या वासाला फक्त नर येतात. या घरात सध्या नरांचाच सुळसुळाट आहे.

आणि त्या खालून फुटलेल्या खुंटाचं काय? त्यावर खालीच कलम करावं लागणार, तिथे छत्री चालणार नाही, तिथे उभीच काडी हवी. अण्णांच्या झाडाचा शेंडा तीस फुटांवर, चढणार कोण, असं लिहिणार होतो. तेवढ्यात आठवलं. अण्णांच्या मागच्या पाणंदीतलं दुसरं मादी झाड! २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळात त्याचं खोड मधूनच मोडलं होतं. आमच्या केळशीत त्या दिवशी नारळी-पोफळी इतक्या पडल्या की एका मोडक्या रतांब्याकडे कोणी पाहिलं नाही. पण खोड मोडलं म्हणजे तिथून येणारे धुमारे खोडाचेच, उभे.

लिहिणं सोडून बॅटरी घेऊन पाहून आलो. तीन आहेत. माझ्या डोक्याच्या थोडे वर, काठीसारखे सरळ, दोघांना शेंड्याला लालसर पालवी. अण्णा लुंगी सावरत बाहेर आले, "रात्रीचं काय शोधतोस?" सांगितलं. ते म्हणाले, "ने की, पण ती पाणंद पावसाआधी साफ करायला परवा गडी येतोय."

आत्ता बांधायचा मोह आहे, पण मृग दहा दिवसांवर आलाय आणि गेल्या वर्षीचे सहा काळे शेंडे अजून डोळ्यांसमोर आहेत. ऑक्टोबरच. तोवर तिन्ही धुमाऱ्यांना आईच्या परकराची लाल नाडी बांधून आलोय, आणि परवा सकाळी गड्याच्या आधी जाऊन पाणंदीत उभा राहणार आहे.