अंगावर पाजायचं की डबा, आणि ठरवायचं कोणी?

एचआयव्ही असलेल्या आईने बाळाला अंगावर पाजायचं नाही म्हणजे नाही, हे श्रीमंत देशांत इतकी वर्षं ठरूनच गेलेलं होतं की त्यावर कुणी चर्चाही करायचं नाही. अमेरिकेत १९८५ पासून हाच सल्ला होता. नळाला चांगलं पाणी आहे, दुकानात पावडरच्या दुधाचा डबा आहे, मग आईच्या दुधातून लागण होण्याचा धोका कशाला घ्या?

पण डब्ल्यूएचओ, म्हणजे जागतिक आरोग्य संघटना, २०१० पासून गरीब देशांना उलटं सांगतंय, औषधं चालू ठेवा आणि पाजा, कारण तिथे घाण पाण्यात कालवलेल्या दुधाने जुलाब होऊन बाळं जातात. आता मी इंग्लंडमध्ये मिडवाइफ आहे, माझ्याकडे येणाऱ्या एचआयव्हीवाल्या बायकांमध्ये आफ्रिकेतून आलेल्या बऱ्याच असतात, आणि त्यातली एक मला सरळ म्हणाली की माझी बहीण हरारेत हीच गोळी घेते आणि तिची नर्स तिला पाज म्हणते, मला तुम्ही नको म्हणता, व्हायरस विमानात बसल्यावर बदलतो का? काय सांगणार!

खरं सांगायचं तर धोका कमी आहे, शून्य नाही. औषधच नसेल तर दुधातून लागण होण्याचं प्रमाण १५ टक्के किंवा जास्तही जातं. आफ्रिका आणि भारतात झालेल्या प्रॉमिस नावाच्या मोठ्या अभ्यासात आईला किंवा बाळाला औषध चालू असताना ते सहा महिन्यांना ०.३ टक्के आणि वर्षाला ०.६ टक्के निघालं. शरीरसंबंधात ‘अनडिटेक्टेबल म्हणजे लागण नाही’, म्हणजे औषधांनी व्हायरस इतका दबला की रक्ताच्या तपासणीत सापडत नाही तर तो जोडीदाराला लागत नाही, हे पक्कं झालंय, पण दुधाबद्दल तसं छातीठोकपणे अजून म्हणता येत नाही, कारण रक्तात व्हायरस सापडला नाही तरी दुधातल्या पेशींमध्ये तो लपून असू शकतो.

ब्रिटिश एचआयव्ही असोसिएशनने २०१८ साली मधला रस्ता काढला: पहिला सल्ला डब्याचाच, पण व्हायरस दबलेला असेल, गोळ्या नियमित असतील आणि आईला पाजायचंच असेल तर तिला साथ द्या. अट अशी की आई आणि बाळ दोघांचं रक्त दर महिन्याला तपासायचं. हे कागदावर सोपं वाटतं हो, पण दोन महिन्यांच्या बाळाची शीर शोधताना ते लालबुंद होऊन रडतं आणि आई दुसरीकडे तोंड करून उभी असते. शिवाय तीन गोष्टी सांभाळायच्या: व्हायरस दबलेला, दोघांची पोटं ठीक, स्तन ठीक. आईला उलट्या झाल्या की गोळी अंगी लागत नाही, चिरा पडून रक्त आलं किंवा गाठ होऊन ताप आला तरी पाजणं थांबवून आधी फोन करायचा.

फोन करायचा, हाच खरा मुद्दा आहे. बंदी होती तेव्हा बायका पाजायच्या नाहीत असं थोडंच होतं, लपून पाजायच्या, आणि लपून पाजणारी बाई चिरा पडल्या म्हणून आम्हाला कशाला सांगेल? मूल काढून घेतील ही भीती काही ठिकाणी खरीच होती. अमेरिकेने २०२३ मध्ये सल्ला बदलला तेव्हा स्पष्ट लिहिलं की अशा आईवर बालसंरक्षणवाल्यांना सोडणं योग्य नाही, म्हणजे आधी हे होत होतं ना, उगाच कोण लिहील. २०२४ मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही आपली भूमिका सैल केली.

आणि घरचे! सासू, मावशी, चर्चमधल्या बायका सगळ्या विचारतात, अगं पाजत का नाहीस, दूध येत नाही का. जिने घरात काहीच सांगितलेलं नाही तिच्यासाठी बाटली म्हणजे गावभर दवंडी. मग कुणी सांगतं छातीला इन्फेक्शन झालंय, कुणी म्हणतं ॲनिमियाच्या गोळ्या चालू आहेत, आम्हीच त्यांना अशी उत्तरं जुळवून देतो, काय करणार.

तरी बऱ्याच जणी डबाच निवडतात, ०.६ टक्केसुद्धा नको म्हणतात, आणि मला ते शंभर टक्के पटतं. त्यांना फक्त दूध सुकवायची कॅबरगोलिन वेळेत मिळाली पाहिजे, नाहीतर तिसऱ्या दिवशी छाती दगडासारखी होते आणि बाळ शेजारी रडत असतं. आणि डबा फुकट मिळाला पाहिजे. काही भागात मिळतो, काही भागात नाही. नको पाजू म्हणणारं सरकार डब्याचे पैसे देताना हात आखडतं, हे मला अजून पचत नाही.