दहा वाजता, तारेवर

पाखरं माणसाला घाबरतात, गाडीला नाही. दोन पायांवर उभा असलेला माणूस लांबून नुसता दिसला तरी माळावरची टिटवी गावभर बोंब मारते. त्याच टिटवीपासून दहा-बारा हातांवर गाडी लावून इंजिन बंद करा, ती मान वाकडी करून एकदा बघेल आणि आपल्या कामाला लागेल. पत्र्याचं असलं काहीतरी रोज या रस्त्यानं जातं आणि आपल्याला कधी काही करत नाही, एवढं तिला ठाऊक झालेलं असतं. म्हणून तळ्याकाठी मुद्दाम बांधलेल्या लपणापेक्षा आमच्या दाजींची जुनी गाडी बरी, असं माझं ठाम मत आहे. लपणात डास असतात, आणि धपाटे खायला जागा नसते.

अट एकच, दार उघडायचं नाही. काच अर्धी खाली घ्यायची, तिच्यावर टॉवेलची घडी टाकायची आणि त्यावर दुर्बीण टेकवायची. इंजिन मात्र बंदच हवं, कारण आठपट मोठं दाखवणारी दुर्बीण हादरासुद्धा आठपट करून दाखवते आणि तारेवरचा नीलपंख थंडीतापानं हुडहुडल्यासारखा दिसू लागतो.

दाजी एसटीत ड्रायव्हर होते. साताऱ्याच्या पूर्वेकडचे सगळे रस्ते त्यांनी उभ्या नोकरीत इतक्यांदा तुडवलेत, की कुठल्या फाट्यावर मुक्कामी गाडी वळायची आणि कुठल्या ओढ्याचं पाणी पुलावरून जायचं, हे ते झोपेतही सांगतील. 'हात दाखवा, एसटी थांबवा' योजनेत त्यांनी किती ब्रेक मारले असतील, त्याला गणती नाही. आता हात न दाखवणाऱ्यांसाठी मारतात. सुरुवातीला त्यांना ते कमीपणाचं वाटायचं. "चिमणीसाठी गाडी थांबवायची म्हणजे..." एवढं म्हणून ते पुढचं गिळायचे. आता माझ्याआधी त्यांनाच दिसतं. रस्त्याच्या कडेचं कुत्रं, शेरडू, शाळेतून सुटलेलं पोर टिपायची सवय लागलेला डोळा तो. बांधावरचा खाटीक पक्षी त्यातून सुटणार कसा?

पूर्वेकडे जाण्यात एक खोट आहे, आणि ती सूर्यानं घातलेली आहे. सकाळी निघालं की ऊन समोरून डोळ्यांवर आणि संध्याकाळी परत फिरलं की पुन्हा समोरून. सगळी पाखरं काळी दिसतात. ताई म्हणते, रात्री निघून पहाटे पोचावं आणि येताना मुक्काम करावा. पण मग दाजी मुक्कामी गाड्यांच्या आठवणी काढतात आणि तो विषय फार लांबतो.

कोरेगाव मागं पडून वर्धनगडाचा घाट ओलांडला की मुलूख बदलतो. याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि इकडे खटाव-माणात पाचशेच्या आसपास, तोही त्याच्या मनात आलं तर. पक्षी पाहणारे बहुतेक जण पश्चिमेला जातात, कासला, बामणोलीला, कोयनेकाठी. जंगल दाट, पाखरं उदंड, आणि दिसत मात्र काही नाही. तासन् तास नुसते आवाज ऐकून मान मोडायची. इकडे मुळात झाडंच कमी. पाखरू लपेल कुठं?

पुसेगाव आलं की आम्ही हमरस्ता सोडतो. मोठे रस्ते आता इतके सुधारलेत, की त्यांच्यावर पाखरू बघणं हा अपघाताला दिलेला आवतण आहे. मागून टिप्पर हॉर्न मारत असताना दुर्बीण कोण लावणार? रुंदीकरणात कडेचे वडही गेले. पूर्वी वडाला फळं धरली की हरियालांचे थवेच्या थवे उतरायचे. महाराष्ट्राचा राज्यपक्षी तो, पण पानांत बसला की बोट दाखवूनही दिसायचा नाही. आतले रस्ते मात्र अजून आपल्या लायकीचे आहेत. खड्ड्यांमुळे ताशी वीसच्या वर काटा जात नाही. याहून चांगला वेग या छंदाला नाही.

या रस्त्यांवरचं पहिलं पक्षितीर्थ म्हणजे विजेची तार. तळी, माळ, अभयारण्यं सगळं नंतर. जानेवारीतल्या सकाळी तारेवर वेडे राघू ऊन खात एकमेकांना चिकटून बसलेले असतात. मध्येच एखादा सुटतो, हवेत माशी पकडतो आणि नेमका आपल्या जागेवर परत येतो. थोडं पुढं कोतवाल, त्याची शेपटी दुभंगलेली आणि स्वभाव भांडखोर. घारीच्या पाठीवर जाऊन चोच मारायला तो कमी करत नाही. नीलपंख बसलेला असताना मळकट तपकिरी, काही विशेष नाही असा वाटतो. उडाला की पंखांतली सगळी निळाई एकदम उघडते, आणि गाडीतले आम्ही सगळे, दाजींसकट, दर वेळी "आऽऽ" करतो. खांबावर कापशी घार असते. लाल डोळ्यांची ही पांढुरकी घार हवेत एका जागी पंख फडफडवत थांबून खालचा उंदीर हेरते. खाली बाभळीवर खाटीक. त्यानं काट्याला टोचून ठेवलेला नाकतोडा मी भाच्याला दाखवला, तर तो म्हणाला, "मामा, म्हणजे ह्याचा फ्रीज."

तारेवर आणि बाभळीवर सर्वांत जास्त आढळणारी गोष्ट मात्र काळी प्लॅस्टिकची पिशवी. तिच्यासाठीही आम्ही पुष्कळदा थांबलोय.

पाखरू कुठं आहे हे गाडीतल्या बाकीच्यांना सांगणं, ही स्वतंत्र विद्या आहे. भाच्यानं कुठूनतरी घड्याळाची रीत शिकून आणली होती, म्हणजे गाडीचं नाक बारा वाजता, उजवा आरसा तीन वाजता. पहिल्यांदा तो ओरडला, "पप्पा, दहा वाजता, तारेवर!" दाजींनी मनगटाकडं बघून सांगितलं, "आजून आठबी वाजलं न्हाईत." ती रीत त्यांना नंतर कळली, पण पटली नाही. गाडी वळली की घड्याळही वळतं, ही त्यांची हरकत, आणि ती बरोबर आहे. ते आपलं त्यांच्या पद्धतीनं सांगतात: "म्हशीच्या डाव्या अंगाला, पांढऱ्या पायपाच्या वर, दुसरी तार." म्हैस हलेपर्यंत ही रीत बिनचूक चालते.

रस्त्याकडेला गाडी थांबवून रानाकडं दुर्बीण लावून बसलेली माणसं या भागात संशयास्पदच. कोणी आम्हाला मोजणीवाले समजतं, कोणी पवनचक्कीवाले. एका मळ्यातला तरुण मोटारसायकल आडवी लावून म्हणाला, "हायवे हिकडनं काढताय का? मग वस्तीच्या वरच्या अंगानं काढा." आम्ही पाखरं बघतोय म्हटल्यावर त्याचा विश्वास बसेना. दुर्बीण त्याच्या हातात दिली. बराच वेळ तो बघत राहिला, पण पाखराकडं नाही. पलीकडच्या वस्तीवर कोणाच्या दारात कोणाची गाडी उभी आहे, हे त्यानं नीट बघून घेतलं आणि खूश होऊन दुर्बीण परत केली.

वडूजच्या अलीकडं दोन्ही बाजूंना शाळू उभा होता. कणसं दुधात आलेली, आणि रानारानात मचाणावर गोफण घेऊन माणसं बसलेली. हा हंगाम भोरड्यांचा. मध्य आशियातून पावसाळ्यातच त्या येतात, एप्रिलपर्यंत राहतात. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या, आणि हजारांच्या थव्यानं. एक थवा रानावरून उठला, वळला, अर्ध्या आभाळाचा रंग बदलून पलीकडच्या रानात उतरला. आम्ही गाडीत गप्प झालो. पलीकडच्या रानातल्या मावशी मात्र गप्प नव्हत्या. डबा वाजवत त्या भोरड्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या. त्यांच्या मायदेशी हीच पाखरं टोळ खाऊन पिकं वाचवतात, हे मला ठाऊक होतं, पण ते त्या क्षणी मावशींना जाऊन सांगावं असं वाटलं नाही. पुढच्या महिन्यात पळस, पांगारा, सावर फुलली की याच भोरड्या तिथल्या मधावर तुटून पडतील आणि माथ्यावर परागकण माखून घेऊन फिरतील. तोवर गोफणीला पर्याय नाही.

येरळवाडीला आम्ही गेलो ते रोहितांसाठी, म्हणजे फ्लेमिंगोंसाठी. साताऱ्यात कोणी "पूर्वेला पक्षी बघायला चाललोय" म्हटलं, तर त्याचा अर्थ रोहितच असतो. येरळा नदीवरचं हे धरण. हीच नदी पुढं सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. धरणाचं पाणी ओसरून गुडघा-गुडघा चिखल उघडा पडला, की कच्छच्या रणात वाढलेले रोहित इथं उतरतात. मान खाली घालून, डोकं उलटं करून, चहा गाळावा तसं ते चिखलपाणी चोचीतून गाळत चालतात, आणि त्यातल्या बारीक जीवांमुळंच त्यांच्या पंखांना तो गुलाबी रंग चढतो. उथळ पाणी ही त्यांची गरज. पाणी खोल असेल तर ते दुसरं तळं बघतात.

काठावर एक आजोबा शेरडं चारत होते. दाजींनी काच खाली केली.

"रोहित आल्यात का, बाबा?"

"ती लांब पायाची? न्हाईत यंदा. पाणी लई हाय."

"मग कधी येतील?" मी विचारलं.

"पाणी हटलं की."

"आणि पाणी कधी हटंल?"

आजोबांनी माझ्याकडं जरा बघून घेतलं. "कशाला हटावं? तुमच्या नळाला येतंय न्हवं?"

यावर पक्षीनिरीक्षकाकडं उत्तर नसतं. या तालुक्यानं टँकरच्या रांगा बघितल्यात, चारा छावण्या बघितल्यात. जिहे-कठापूरला कृष्णेचं पाणी उचलून ते वर नेरच्या तलावात आणण्यासाठी इथल्या लोकांनी कित्येक वर्षं वाट पाहिली. तळी भरली, ऊस दिसायला लागला, आणि साताऱ्याहून चौघेजण गाडीतून येऊन विचारतात, आटणार कधी?

पण भरलेल्या तळ्याचेही पाहुणे असतात. मधोमध चक्रवाकांच्या जोड्या तरंगत होत्या. हळदीकुंकू बदकं होती, काठाच्या गवतात गुलाबी पायांचे शेकाटे. आणि पलीकडच्या काठाला, दुर्बिणीच्या अगदी टोकाला, पट्टकादंबांचा थवा. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे, एवढीच त्याची ओळख पुरेशी. तिबेट-मंगोलियाकडून निघून हा पक्षी हिमालय ओलांडतो. सात हजार मीटरच्या वर उडताना त्याची नोंद झालेली आहे. एवढा आटापिटा करून तो खटाव तालुक्यात येतो, याचा मला दर वेळी अभिमान वाटतो, जणू काही मीच बोलावलंय. आजोबांना मी तो दाखवला. त्यांना तो आधीच माहीत होता. "त्यो व्हय? रातच्याला हरभऱ्यात उतरतोय."

मायणीला जाऊन आलो नाही तर ताईला ट्रिप पुरी झाल्यासारखी वाटत नाही, म्हणून गेलो. इंग्रजांच्या काळातला जुना तलाव, भोवती बाभळी, आणि एके काळी मोठं नाव. 2021 मध्ये या परिसराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जाही मिळाला. आम्हाला टिबुकल्या दिसल्या, एक कवड्या धीवर दिसला, आणि ताईनं बाभळीखाली धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी सोडली. त्यानंतरचं पक्षीनिरीक्षण सगळ्यांनी डोळे मिटून केलं.

परतीच्या वाटेवरचा माळ मला या सगळ्यापेक्षा जास्त आवडतो. कुसळी गवत, खुरटी बोरं, मधूनच उघडा मुरूम. सातबारावर याला पोटखराब म्हणतात, बोलण्यात पडीक. पाखरांच्या लेखी तो पडीक नाही. गवतावरून भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालतो, नाकतोडे हेरत, जमिनीच्या इतका जवळून की पंख गवताला लागतील असं वाटावं. चंडोल सरळ वर चढत जातो आणि वरूनच गातो. पखुर्ड्या पायाखालून उठेपर्यंत दगडच वाटतात. या सगळ्यांना झाड नकोच असतं. चंडोल-पखुर्ड्यांची अंडी तर जमिनीवरच, मोकळ्या जागेत. माळ रिकामा दिसला की कोणालातरी तिथं खड्डे खणून रोपं लावायचा उत्साह येतो. त्याचा फोटो छान येतो. त्यातली किती रोपं उन्हाळ्यात तगतात, हे मोजायला सहसा कोणी येत नाही, पण चंडोल तेवढ्यात दुसरीकडं गेलेला असतो.

याच माळावर दिवसाचा सगळ्यात मोठा वाद झाला. औंधच्या अलीकडं दाजींनी एकदम ब्रेक मारला. म्हणाले, आरशात दिसलं, मागं रस्त्यात एक पाखरू तुरुतुरु पळालं, थांबलं, पुन्हा पळालं. मातकट रंग, डोळ्यावरनं पांढरी रेघ. हा धाविक, शंकाच नको. असं पळून असं थांबणारा माळावर दुसरा कोणी नाही, असं त्यांचं म्हणणं. मागं उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन येत होता, त्याच्या स्पीकरवर गाणी चालू. त्याला वाट देऊन गाडी मागं घेईपर्यंत रस्त्यावर नुसती धूळ होती.

दिवसभरात दिसलेल्या पाखरांच्या यादीत धाविक धरायचा की नाही? रहिमतपुरात चहा घेताना भाच्यानं मोबाईल पुढ्यात ठेवला आणि तो अडून बसला. आरशातला पक्षी चालत नाही, पक्षी समोर दिसायला पाहिजे.

"तुमच्या त्या दुर्बिणीत काय हाय?" दाजी म्हणाले. "काचाच हायत की."

"पप्पा, तसं नसतं. दुसऱ्या कोणीच बघितला नाही."

"अरे, एसटीत मी आरशात बघूनच चढउतार करायचो. आरशातला पॅसेंजर धरला नसता तर रोज तक्रार गेली असती डेपोत."

भाचा माझ्याकडं बघायला लागला, मी ताईकडं. ताईनं बशीतला चहा संपवला. "लिही," ती म्हणाली, "नाहीतर उद्या पहाटे परत न्यायचे हे."